धूळ धरणाऱ्या यंत्रांची निगा

एखाद्या कारखान्यात धूळसंकलनाचे नवे यंत्र बसविले म्हणजे नारळ फुटतो, फीत कापली जाते, किती कोटी रुपये खर्ची पडले याचा आकडा वर्तमानपत्राच्या मथळ्यात येतो आणि परिसरातील जनतेला आता शुद्ध हवा मिळेल असे आश्वासन व्यासपीठावरून दिले जाते. परंतु त्याच यंत्राच्या पोटात दररोज साचणारी राख पुढील वीस वर्षे कोण काढणार, त्यातल्या फाटलेल्या पिशव्या कोण बदलणार आणि बंद पडलेला हातोडा बंद पडला आहे हे कोणाच्या ध्यानात येणार, याची विचारपूस करण्याची तसदी वर्तमानपत्र घेत नाही, सरकारी तपासनीस क्वचितच घेतो आणि आपण नागरिक तर मुळीच घेत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील हवेविषयी गेली कित्येक वर्षे जो वादविवाद चालला आहे, त्यातील पुष्कळसा भाग या एका उपेक्षेपाशी येऊन थांबतो असे माझे मत आहे. आणि गडचिरोलीत आज ज्या नव्या उद्योगांची पायाभरणी होत आहे, त्यांच्या बाबतीतही हीच उपेक्षा आपण पुन्हा पहिल्या पानापासून गिरविण्याच्या बेतात आहोत.

चंद्रपूर हे गोंड राजांचे, परकोटाने वेढलेले, इरई आणि झरपट या नद्यांच्या काठचे शहर. भोवताली सागाची अरण्ये आणि भूमीच्या पोटात कोळसा, अशी येथील निसर्गाची मांडणी असल्यामुळे विसाव्या शतकातील उद्योगांनी या जिल्ह्याकडे धाव घेतली यात नवल नव्हते. दुर्गापूर-ऊर्जानगर येथील औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. आरंभीचे दोन संच आता निवृत्त झाले असूनही केंद्राची स्थापित क्षमता २९२० मेगावॅट आहे. घुग्घुसपासून गडचांदूर, आवारपूर, उपरवाहीपर्यंत चुनखडीच्या आश्रयाने सिमेंटचे कारखाने उभे राहिले. घुग्घुस आणि ताडाळी येथे स्पंज आयर्नच्या भट्ट्या पेटल्या. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या उघड्या खाणी, फेरोमँगनीजच्या भट्ट्या, बल्लारपूरची कागद गिरणी, असा हा सारा संसार वाढत गेला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांची तुलना करून जो प्रदूषण-निर्देशांक प्रसिद्ध केला, त्यात चंद्रपुराला ८३.८८ गुण पडले आणि देशात चौथा क्रमांक लागला. परीक्षेत असे गुण मिळाले असते तर गावात पेढे वाटले असते. त्यापाठोपाठ जानेवारी २०१० मध्ये अशा क्षेत्रांतील नव्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीस तात्पुरती स्थगिती मिळाली, आणि २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातही मानकांत न बसणाऱ्या शहरांच्या यादीत चंद्रपूरचे नाव आलेच.

या सर्व काळात जिल्ह्यात धूळयंत्रे नव्हती असे मात्र कोणी समजू नये. प्रत्येक मोठ्या धुराड्यामागे ईएसपी, म्हणजे विजेच्या भाराने धूळ ओढून घेणारे यंत्र, आहे, सिमेंटच्या एकेका कारखान्यात लहानमोठे कित्येक डझन बॅग फिल्टर आहेत, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रांतील अटी वाचल्या तर उणीव काढायला जागा सापडू नये इतक्या त्या काटेकोर आहेत. तरीही घुग्घुस-राजुऱ्याकडचा शेतकरी कपाशीच्या पांढऱ्या बोंडावर करडा थर दाखवितो आणि ऊर्जानगरच्या आसपासची गृहिणी वाळत घातलेले कपडे झटकून घडी करते. यंत्र आहे आणि धूळही आहे, या विसंगतीचे उत्तर यंत्राच्या पोटात शिरल्याखेरीज मिळत नाही.

आपल्या औष्णिक केंद्रांत ज्याला सगळे ईएसपी म्हणून ओळखतात, त्या यंत्राची कल्पना कॅलिफोर्नियात रसायनशास्त्र शिकविणाऱ्या फ्रेडरिक कॉट्रेल नावाच्या प्राध्यापकाने १९०७ च्या सुमारास व्यवहारात आणली. प्रथम गंधकाम्लाचे धुके अडविण्यासाठी तिचा उपयोग झाला आणि काही वर्षांतच रिव्हरसाइड येथील सिमेंट कारखान्यात ती धूळ धरण्याच्या कामी आली. कारण त्या कारखान्याची भुकटी भोवतालच्या संत्र्यांच्या बागांवर बसत असे आणि बागायतदारांनी गिल्ला केला होता. नागपुरी संत्र्याच्या प्रदेशाला लागूनच राहणाऱ्या आपल्या वाचकाला या योगायोगाची गंमत वाटेल. पण माझ्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. हे यंत्र जन्माला आले ते शेजाऱ्याच्या तक्रारीतून, आणि त्याच्याशी कारखान्याच्या उत्पादनाचा अर्थाअर्थी काही संबंध नाही. भट्टी बंद पडली तर मालकाचे नुकसान होते म्हणून ती रातोरात दुरुस्त होते. धूळयंत्र बंद पडले तर नुकसान शेजाऱ्याचे होते, म्हणून त्याची दुरुस्ती पुढच्या शटडाऊनवर ढकलली जाते. निगेचा सारा प्रश्न या एका विषमतेत सामावलेला आहे.

यंत्राची रचना तत्त्वतः साधी आहे. बॉयलरमधून निघालेला धूर पोलादी पत्र्यांच्या उंच उभ्या रांगांमधून जातो; त्या रांगांच्या मधोमध टांगलेल्या इलेक्ट्रोडांना चाळीस ते सत्तर हजार व्होल्टचा दाब दिलेला असतो; त्यामुळे राखेच्या कणांवर विद्युद्भार चढून ते पत्र्याकडे ओढले जातात व तेथे चिकटून बसतात. ठरावीक अंतराने फिरत्या दांड्यावरचे हातोडे पत्र्यांवर आपटतात, राखेचा थर सुटून खालच्या हॉपरमध्ये कोसळतो आणि तेथून तो हवेच्या दाबाने नळांवाटे सायलोत नेला जातो. अशी एकामागून एक अनेक दालने असतात, त्यांना कारखान्यात फील्ड म्हणतात. पहिले फील्ड सर्वाधिक राख धरते आणि शेवटचे फील्ड उरलीसुरली. हे सारे सुरळीत चालले तर हजार कणांतील नऊशे नव्याण्णव अडविले जातात.

आता या आकड्याचा थोडा हिशेब मांडून पाहू, कारण टक्केवारीची भाषा फार फसवी असते. पाचशे मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर त्याला दिवसाकाठी सात-आठ हजार टन कोळसा लागतो. आपल्याकडील कोळशात शेकडा तीस-पस्तीस भाग राखेचा असतो आणि तिच्यापैकी सुमारे चार-पंचमांश धुराबरोबर उडून जाते. म्हणजे एका संचाच्या ईएसपीपुढे रोज ढोबळमानाने दोन हजार टन राख उभी राहते. यंत्राची कार्यक्षमता ९९.९ टक्के असेल तर धुराड्यावाटे दोन टन बाहेर पडते. ती ९९ टक्क्यांवर आली, तर बाहेर पडणारी राख वीस टनांवर जाते. कागदावर टक्क्याच्या नऊ दशांश एवढीच घट दिसते, तपासनिसाला ती कदाचित नगण्यही वाटेल. शहरावर पडणारी राख मात्र दसपट झालेली असते. एखादे फील्ड काही आठवडे बंद राहणे, काही हातोड्यांची यंत्रणा अडकणे, दोन-चार इलेक्ट्रोड तुटून पत्र्याला टेकणे, एवढ्या क्षुल्लक वाटणाऱ्या बिघाडांनी हा फरक सहज पडतो. म्हणून धूळयंत्राच्या बाबतीत बरेचसे चांगले आणि पुरेसे चांगले यांच्यामध्ये फार मोठी दरी आहे, हे व्यवस्थापकांनी आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्यांनी दोघांनीही उमजून घेतले पाहिजे.

कायद्याची मर्यादाही एकसारखी नाही. डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने २००३ अखेरपूर्वी उभ्या राहिलेल्या औष्णिक संचांना घनमीटरामागे १०० मिलिग्रॅम कणांची मुभा दिली, त्यानंतर २०१६ अखेरपर्यंतच्या संचांना ५० आणि पुढच्यांना ३०. चंद्रपूर केंद्रातील पाचवा, सहावा व सातवा हे संच १९९० च्या दशकातले, तर आठवा आणि नववा २०१५-१६ मधले; त्यामुळे एकाच आवारातील धुराड्यांना दोन निरनिराळे कायदे लागू आहेत. वाऱ्याला आणि फुप्फुसाला हा भेद कळत नाही, ही गोष्ट वेगळी.

परंतु मर्यादेपेक्षा मला हॉपरविषयी अधिक लिहावयाचे आहे, कारण साऱ्या यंत्रात सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत बोलका भाग तोच आहे. राख गरम असेतोपर्यंत पाण्यासारखी वाहते. थंड होऊ लागली, त्यात दमटपणा शिरला, की ती जागच्या जागी घट्ट बसते. म्हणून हॉपरच्या भिंतींना विजेची तापके जोडलेली असतात. ही तापके स्वस्तातली वस्तू. ती जळाली तर यंत्र बंद पडत नाही, इशाऱ्याचा दिवा लागला तरी नियंत्रण कक्षात त्याची सवय होऊन जाते, आणि मग एका रात्री हॉपर चोक होतो. राख वर चढू लागते, वरच्या इलेक्ट्रोडांना भिडते, फील्ड ट्रिप होते, आणि ते तसेच राहिले तर पत्रे वाकतात. अशा वेळी खाली उभा असलेला कंत्राटी कामगार काय करतो? तो घण घेऊन हॉपरच्या पोटावर हाणतो. आवाज पोकळ आला तर राख सुटली, भद्द आला तर अजून भरलेली आहे, हे निदान तो इतक्या अचूकपणे करतो की आधुनिक मापकानेही खाली मान घालावी. मात्र प्रत्येक घावाने पत्र्याला आतून एक पोचा पडतो, त्या पोच्यावर पुढची राख अडून बसते, आणि ती सोडविण्यासाठी आणखी घाव घालावे लागतात. ज्या हॉपरचा उतार जमिनीपासून कमरेइतक्या उंचीपर्यंत घणाच्या वणांनी भरून गेला आहे, त्या कारखान्याचा दुरुस्तीचा अहवाल वाचण्याची गरज नाही. तो पत्र्यावरच लिहिलेला असतो. तपासणीस जाणाऱ्या अधिकाऱ्याने वातानुकूलित खोलीतील संगणकापुढे बसण्याआधी हॉपरखाली दहा मिनिटे उभे राहावे, एवढी सूचना मी अगदी नम्रपणे करतो.

सिमेंट कारखान्यांचा मुख्य भरवसा बॅग फिल्टरवर आहे. त्याचे तत्त्व आपल्या घरच्या वस्त्रगाळ चूर्णाइतके जुने. फक्त येथे गाळण्याचे वस्त्र पॉलिएस्टरच्या जाड नमद्याचे, किंवा धूर अधिक तापलेला असेल तर काचतंतूंचे असते, त्याच्या लांबच लांब पिशव्या तारेच्या पिंजऱ्यांवर चढवून शेकड्यांनी, मोठ्या भट्टीमागे तर हजारोंनी, एका पोलादी खोलीत टांगलेल्या असतात. धुळकट हवा पिशवीच्या बाहेरून आत जाते, धूळ बाहेरच राहते, आणि वरून दाबाखालच्या हवेचा क्षणार्धाचा झोत सोडून पिशवी झटकली जाते. यातील मौज अशी की कोऱ्या करकरीत पिशवीपेक्षा थोडी मळलेली पिशवी धूळ अधिक चांगली अडविते, कारण खरे गाळण्याचे काम कापडावर बसलेला धुळीचा पातळ थरच करीत असतो. तो थर फार साचू दिला तर हवा अडते, पंखा दमतो आणि गिरणीच्या सांध्यांतून धूळ बाहेर फेकली जाते. आणि अतिउत्साहाने सारखी झटकाझटकी केली तर थर टिकत नाही, बारीक कण कापडात घुसतात व पिशवी वेळेआधी झिजते. म्हणून पिशव्यांच्या अलीकडचा व पलीकडचा दाब यांतील फरक मोजणारा एक काटा बसविलेला असतो, आणि त्याने पाण्याच्या शंभर-दीडशे मिलिमीटरांच्या आसपास राहावे अशी साधारण अपेक्षा असते. वैद्याने नाडी पाहावी तसा जाणता फिटर हा काटा पाहतो. काटा एकाएकी खाली आला तर पिशवी फाटली असावी, हळूहळू वर चढला तर पिशव्या गुदमरल्या असाव्यात, आणि महिनोन्महिने एकाच आकड्यावर स्तब्ध राहिला तर नळी चोक झाली आहे हे निश्चित. तिसऱ्या प्रकारचे काटे आपल्याकडे बरेच आढळतात.

आणि मग पावसाळा. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो आणि जून सरता सरता हवा पाण्याने जड होते. ज्या यंत्राची कोष्टके इतर देशांच्या हवामानावर बेतलेली असतात, त्याने हे दोन्ही ऋतू एकाच अंगावर सोसावयाचे असतात. ओली चुनखडी, दमट हवा आणि यंत्राचे थंड पडलेले कवच यांचा मेळ जमला की पिशवीवर दव धरते आणि सिमेंटची भुकटी पाण्याशी भेटल्यावर जे करते तेच येथेही करते. घट्ट झालेल्या त्या पिशव्यांना कोणताही झोत झटकू शकत नाही. दरवाजाची झिजलेली रबरी पट्टी बदलणे, कवचावरील उष्णतारोधक आवरण धड ठेवणे, कॉम्प्रेसरच्या हवेतील पाणी व तेल रोज सोडणे, गिरणी थांबल्यावरही पंखा काही काळ चालू ठेवून यंत्र कोरडे करणे, हे उपाय एवढे किरकोळ आहेत की त्यांसाठी कोणत्याही मंत्र्याला फीत कापता येणार नाही. फाटलेली पिशवी हुडकण्याची रीत तर मोठी चित्तवेधक आहे: धुळकट बाजूला चमकणारी विशिष्ट भुकटी सोडतात, पंखा काही वेळ चालवून थांबवितात, आणि मग वरचे झाकण उघडून अंधारात जांभळ्या दिव्याने पाहतात, जेथे छिद्र असेल तेथे भुकटी पिवळी-हिरवी झगमगते. शेकडो पिशव्यांतली अपराधी पिशवी अशी चटकन सापडते. एवढे सोपे साधन हाताशी असता पिशव्या फाटून शेजारच्या पिशव्यांनाही घासून फाडेपर्यंत वाट पाहणे, याला दुर्दैव म्हणता येणार नाही.

ही सारी कामे जो करतो त्याच्याकडे आता वळतो. धूळयंत्राची सफाई हे बहुतेक ठिकाणी कायम कामगारांचे काम राहिलेले नाही. ते ठेकेदाराकडे, ठेकेदाराकडून उपठेकेदाराकडे, आणि अखेरीस आसपासच्या खेड्यांतून किंवा परप्रांतांतून आलेल्या अशा माणसाकडे जाते, ज्याचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर शोधूनही सापडत नाही. संत गाडगेबाबांचा खराटा आपण पूज्य मानतो, त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छतेचे अभियान सरकारने चालविले, आणि तरीही सफाई करणाऱ्याचा दाम मात्र आपल्या ठेक्यांत सर्वांत शेवटच्या ओळीत लिहिला जातो. नाकाला गमछा बांधून हॉपरमध्ये उतरणाऱ्या माणसाला त्या गमछ्याचा काडीइतकाही उपयोग नसतो, कारण जे कण फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात ते कापडाच्या विणीतून निर्वेध जातात. १९४८ च्या कारखाने अधिनियमात धूळ शोषून घेण्याची व्यवस्था, बंदिस्त जागेत उतरण्यापूर्वीची दक्षता आणि स्फोटक धुळीविषयीची खबरदारी यांसाठी स्वतंत्र कलमे होती. सिलिकोसिससारखे रोग आढळल्यास कळविण्याचे बंधनही होते. कलमांची वाण आपल्याकडे कधीच नव्हती. राजस्थान सरकारने २०१९ साली धुळीपासून होणाऱ्या फुप्फुसविकारांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर करून रुग्णांची नोंदणी व मदत यांची तजवीज केली. कोळसा, चुनखडी आणि लोहखनिज या तिन्हींची धूळ एकत्र नांदणाऱ्या आपल्या दोन जिल्ह्यांना त्याहून कमी कशाची गरज आहे, असे मला वाटत नाही.

धोका केवळ फुप्फुसाचा नाही. साचलेली राख वरून थंड दिसली तरी आतून कित्येक दिवस तापलेली राहते. तिला खालून वाट करून दिली की ती लोंढ्यासारखी कोसळते. १ नोव्हेंबर २०१७ रोजी उत्तर प्रदेशातील उंचाहार येथील औष्णिक केंद्रात बॉयलरच्या भट्टीत तळाशी राख साचून जी दुर्घटना घडली, तिच्यात तीसहून अधिक कामगारांचे प्राण गेले. ते धूळयंत्र नव्हते हे खरे. पण राख काढण्याच्या कामाला दुय्यम समजून संच चालू ठेवण्याचा आग्रह धरला तर परिणाम कोठवर जातो, याचा तो पुरावा आहे. कोळसा दळणाऱ्या गिरणीमागच्या बॅग फिल्टरमध्ये तर धूळ स्वतःच इंधन असते. तेथे साफसफाई राहिली, एखाद्या कोपऱ्यात कोळशाची भुकटी धुमसत पडली, की पुढचा झोत तिला हवेत उधळतो आणि स्फोटाची सामग्री सिद्ध होते. १७८५ साली इटलीतील तुरिन शहरात एका बेकरीवाल्याच्या कोठारातील पिठाच्या धुळीचा भडका उडाला होता. म्हणजे हा धोका वाफेच्या रेल्वेहूनही जुना आहे. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरी, देसाईगंज या धानपट्ट्यातील राइस मिलवाल्यांनीही तो ध्यानात ठेवावा. त्यांच्या गिरणीमागील सायक्लोन आणि कोंड्याची खोली यांना कोणी धूळयंत्र म्हणून ओळखत नाही, त्यामुळे त्यांच्या सफाईची नोंद कोणत्याच दप्तरात नसते.

व्यवस्थापनाची बाजू अगदीच खोटी असते असे नाही. विजेची मागणी वाढलेली असते, भारनियमनाच्या भीतीने सरकार संच थांबवू देत नाही, सुट्या भागांची खरेदी निविदांच्या फेऱ्यात अडकते, आणि कोळसा ठरल्यापेक्षा निकृष्ट आला तर ज्या राखेसाठी यंत्र बांधलेले आहे तिच्याहून अधिक राख त्याच्या माथी येते. शिवाय आपल्या कोळशात गंधक कमी असल्याने त्याची राख विद्युद्भार सहजी सोडीत नाही, पत्र्याला हट्टाने चिकटून राहते. विदेशी कोळशावर जी सोपी असते ती कामगिरी येथे अवघड होते. हे सारे मान्य केले तरी त्यातून निष्कर्ष उलटाच निघतो: जेथे राख अधिक आणि हट्टी, तेथे निगेला अधिक माणसे, अधिक पैसा आणि अधिक वेळ दिला पाहिजे. प्रत्यक्षात खर्चकपातीची कुऱ्हाड प्रथम निगेवरच पडते, कारण तिचा परिणाम त्याच वर्षीच्या ताळेबंदात दिसत नाही.

सरकारी देखरेखीची पद्धतही तपासून पाहण्यासारखी आहे. केंद्रीय मंडळाने २०१४ साली अतिप्रदूषक म्हणून गणलेल्या १७ प्रकारच्या उद्योगांना धुराड्यावर अखंड मापन करणारी उपकरणे बसविण्याचा हुकूम दिला आणि त्यांचे आकडे थेट मंडळाच्या दप्तरी जाऊ लागले. ही प्रगतीच आहे. परंतु ते उपकरण धुराड्यात बसलेले असते. कन्व्हेयरच्या सांध्यातून, क्रशरच्या तोंडातून, चोक झालेला हॉपर उघडून जमिनीवर ओतलेल्या ढिगातून जी धूळ उडते, तिची वार्ता त्याला नसते. स्पंज आयर्नच्या भट्टीवर तर आणीबाणीसाठी एक झाकण ठेवलेले असते. ईएसपी किंवा पंखा बंद पडला की ते उघडते आणि धूर यंत्राला वळसा घालून थेट आकाशात जातो. सुरक्षेसाठी ते आवश्यकच आहे. पण ते महिन्यातून किती वेळा व किती मिनिटे उघडले, याचा हिशेब कोणापाशी असतो? वीज वाचविण्यासाठी रात्री धूळयंत्रे बंद ठेवली जातात, असा संशय घुग्घुस-ताडाळीकडील लोक अनेक वर्षे बोलून दाखवितात. संशय खरा की खोटा हे ठरविण्याचे साधन सोपे आहे. धूळयंत्राच्या पंख्याला, ईएसपीच्या ट्रान्सफॉर्मरला आणि कॉम्प्रेसरला स्वतंत्र वीजमीटर बसवावे, आणि त्याचे तासातासाचे आकडे उत्पादनाच्या आकड्यांशेजारी ठेवावेत. यंत्र चालू असेल तर ते वीज खाईल. न खाल्लेली वीज कोणताही वकील खाल्लेली दाखवू शकणार नाही. प्रामाणिक कारखानदाराला या तजविजीने उलट संरक्षणच मिळेल, कारण हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगत थंड हवा साचून धूळ वर चढू शकत नाही आणि निर्दोष यंत्राच्या माथीही दोष येतो.

माझी मुख्य मागणी यापुढची आणि अगदी रुक्ष आहे. प्रत्येक धूळयंत्राची एक दुरुस्ती-वही असावी. कोणते फील्ड किती तास बंद होते, कोणत्या तारखेला किती पिशव्या बदलल्या, कोणता हॉपर कधी चोक झाला आणि तो मोकळा करण्यास कोण आत उतरले, आत उतरण्यापूर्वी प्राणवायू मोजला होता काय, ही नोंद तीत रोजच्या रोज व्हावी आणि दरमहा ती ग्रामपंचायतीच्या व महानगरपालिकेच्या फलकावर लागावी. महसूल खात्यात सातबारा जसा कोणालाही पाहता येतो, तसा शेजाऱ्याला या वहीचा अधिकार हवा. ज्या सहीने संमतिपत्र मिळते, त्याच दर्जाच्या अधिकाऱ्याची सही वहीवर असावी. कनिष्ठ लिपिकाकडून कोऱ्या पानांवर महिनाअखेर शाई फिरवून घेण्याची जी चाल आपल्याकडे रूढ आहे, तिला त्यामुळे आळा बसेल. दंडापेक्षा आणि बँक हमी जप्त करण्यापेक्षा हा उपाय स्वस्त आहे. दंड भरून कारखाना मोकळा होतो, वही मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडावी लागते.

हे सारे चंद्रपुरात उशिरा सुचत आहे. गडचिरोलीत मात्र वेळ गेलेली नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झालेला हा जिल्हा आजवर अरण्यासाठी ओळखला गेला. आता एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या पहाडावरून लोहखनिज निघते आणि चामोर्शी तालुक्यात कोनसरीला त्याचा कारखाना उभा राहत आहे. खनिज वाहणाऱ्या ट्रकांनी आलापल्ली-आष्टी मार्गावर जी लाल धूळ उडविली, तिचा अनुभव त्या रस्त्याकाठच्या गावांना आहे; हेडरीहून कोनसरीपर्यंत सुमारे ८५ किलोमीटर नळवाहिनीने खनिजाचा गाळ नेण्याची योजना झाल्याने तो त्रास कमी व्हावा हे स्वागतार्हच. पण पहाडावरील धूळ कारखान्याच्या दाराशी आली की ती पुन्हा पिशव्यांच्या, पंख्यांच्या आणि हॉपरांच्या स्वाधीन होते. त्या परिसरातील आयटीआयमध्ये आज वेल्डर, फिटर आणि इलेक्ट्रिशियन शिकतात. त्यांच्या अभ्यासक्रमात धूळयंत्राची निगा हा विषय जोडावा, तो शिकलेल्या माडिया, गोंड व इतर स्थानिक तरुणांना ही कामे ठेकेदाराच्या मार्फत न देता कायम नेमणुकीने द्यावीत, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चंद्रपूर येथील प्रादेशिक कार्यालयाने कोनसरी व परिसरातील यापुढच्या प्रत्येक संमतिपत्रात स्वतंत्र वीजमीटरची आणि दुरुस्ती-वहीची अट घालावी. संमतिपत्रांचे मसुदे त्या कार्यालयात तयार होतच असतात. दोन ओळी वाढविण्यासाठी मुंबईच्या परवानगीची वाट पाहावी लागत असेल, तर तसे कार्यालयाने जाहीरपणे सांगावे, म्हणजे आम्ही आमचे अर्ज मुंबईस पाठवू.